भाद्रपदातली भेग

पाणी उतरायला लागलं तसा उल्हासच्या जिवात जीव आला. पंधरा दिवस गंगा त्यांच्या कराराच्या गळ्यापर्यंत येऊन बसली होती. करार म्हणजे नदीचा उभा तुटलेला काठ, आणि त्या काठाच्या माथ्यावर उल्हास आणि इंदूचं घर. काशीच्या उत्तरेला वरुणा गंगेला मिळते, त्याच्याही पुढे दोन कोसांवर. घर, घरापुढे सारवलेलं अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, वृंदावनापुढे चार हात मोकळी जमीन आणि मग एकदम खाली पाणी.

"निघाली," उल्हास सकाळी करारावरून वाकून म्हणाला. "इंदू, ये बघ. लोणी दिसायला लागली."

लोणी म्हणजे तळाची मऊ चिकण माती. गावातले लोक मातीला तीनच नावं देत, वाळूची ती बलुआ, पोयट्याची ती दोमट आणि चिकण ती मटियार. पण उल्हासच्या घरात एवढ्यावर कधी भागलं नाही. नदीनं कापलेला करार त्यांच्यासमोर कायम उघडा. सगळ्यात वर सारवणाचा पातळ पापुद्रा. त्याखाली हातभर काळसर दोमट, तीत दूर्वांची आणि अरहरीची, म्हणजे तुरीची, मुळं लोंबत असायची. त्याखाली पुरुषभर पिवळी माती, मधूनमधून कंकराचे पांढरे खडे. मग दीड हात निव्वळ वाळू. आणि सगळ्यात तळाला, वाळूच्या खाली, ती निळसर करडी चिकण माती, ना खडा ना कण. उल्हासच्या पणजोबांनी पहिला गणपती तिचाच केला. तेव्हापासून पंचगंगा घाटावरच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांत ह्यांच्याच करारातल्या मातीचे गणपती बसत आले. यंदा बत्तीस घरं होती. चतुर्थीला सात दिवस उरले होते आणि एकही मूर्ती झाली नव्हती, कारण माती पाण्याखाली होती.

उल्हास कमरेला गमछा बांधून, खांद्यावर फावडं टाकून बाजूच्या पायवाटेनं खाली उतरला. साठीला आलेला माणूस, गुडघे कुरकुरायचे, पण करार उतरताना पोरासारखा उतरायचा. गुडघाभर गाळात उभा राहून त्यानं निळ्या थरातला एक ढेकूळ काढला, बोटांनी मळला, दोन तळव्यांत वळी वळली. वळीचं कडं केलं. कडं तुटलं नाही. मग चिमूटभर माती दाताखाली धरली. वाळू असली तर दाताला करकर लागते, गाळ असला तर पिठासारखी लागते. ही काहीच लागली नाही, नुसती घसरली. उल्हास थुंकला आणि हसला.

मग त्यानं वर बघून हाक दिली. "वर?"

ह्या घरातला हा नेम होता. खाली खणणाऱ्याला माथा दिसत नाही आणि माथ्यावरच्याला पाया दिसत नाही. म्हणून खालच्यानं फावडं मारायच्या आधी वरच्याला विचारायचं, आणि वरच्यानं जमीन बघून उत्तर द्यायचं. उल्हासचे वडील खणायचे तेव्हा त्याची आई, अन्नपूर्णाबाई, वर उभ्या राहायच्या. सकाळी सारवताना घरातली बाई अंगणाचा इंच न् इंच हातानं चाचपते, तिच्याइतकं ते कोणाला माहीत असणार? म्हणून हे काम बाईचंच. सासूबाई गेल्यापासून सत्तावीस वर्षं ते इंदूकडे होतं.

इंदूनं वृंदावनाभोवती एक फेरी मारली, काठापर्यंत जाऊन आली. "ठीक," ती म्हणाली. मग नेमाप्रमाणे तिनं विचारलं, "खाली?"

"ठीक," उल्हास म्हणाला आणि फावडं खसकन् मातीत गेलं.

पहिले दोन दिवस सगळं सरळ चाललं. उल्हास सकाळी दोन घमेली माती वर आणायचा. ती ओसरीवर कुटायची, कापूस घालून मळायची, गोणपाटाखाली झाकून ठेवायची. दुपारपासून मूर्ती. उल्हास धड, सोंड, हात लावायचा, इंदू कान, दागिने आणि बारकावे. मूर्ती वाळताना भेगा पडतात. त्या भरायचं काम तर सर्वस्वी इंदूचं. पातळ मातीत बोटाचं टोक बुडवून ती भेगेवरून अशी फिरवायची की भेग कुठे होती हे तिचं तिलाही नंतर सांगता येऊ नये. शहरात रेल्वेत नोकरीला असलेला धाकटा दीर सुशांत नेहमी चेष्टा करायचा, "वहिनींनी भरलेली भेग देवालासुद्धा सापडायची नाही." इंदूला ते मनापासून आवडायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सारवताना तिच्या हाताला काहीतरी लागलं.

वृंदावन आणि घर ह्यांच्या मध्ये, काठाला समांतर, केसाएवढी रेघ. तिनं ओलं बोट फिरवलं. रेघ पुसली गेली नाही. ती उठून दोन पावलं मागे सरली आणि वाकून बघू लागली. रेघ अंगणाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती. वृंदावन रेघेच्या नदीकडच्या बाजूला होतं.

इंदूला माती कळत होती. जेठात दोमट तहानेनं फाटते, तिच्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसानं मिटतात. त्यांना कोणी भीत नाही. पण हा भाद्रपद होता. म्हणजे काशीच्या हिशेबानं भादो लागला होता, आपल्या पंचांगात श्रावणाचे दोन-तीन दिवस होते. काहीही म्हणा, माती तुडुंब भिजलेली होती. पोट भरलेली माती तहानेनं फाटत नाही. ती सरकते.

खालून हाक आली. "वर?"

इंदूनं तोंड उघडलं. त्याच वेळी पायवाटेवरून गावचा नावाडी लोटन मल्लाह वर येत होता. नाव बंद होती म्हणून तो दिवसभर गावभर बातम्या वाटत फिरायचा.

"ए भउजी, सुनली?" तो म्हणाला. "लेखपाल आवत हउवन. जेकर घर कटान में, ओकर नाम लिखत हउवन. दू घर खाली करा दिहलन. सामान लेके सीधे स्कूल में." म्हणजे जमिनीच्या नोंदी ठेवणारा सरकारी लेखपाल नदीनं कापत आणलेल्या काठावरच्या घरांची यादी करत होता, आणि यादीत आलेल्यांना त्याच दिवशी शाळेत नेऊन ठेवत होता.

इंदूनं ओसरीवरच्या मूर्तींकडे पाहिलं. शाळेत शंभर माणसं, तिथे बत्तीस मूर्ती कुठे मांडायच्या? आणि एकदा घर यादीत गेलं की संपलं. सुशांत दोन वर्षं मागे लागला होता, दादा, नदी आपलं घर खाणार, शहरात ये, माझ्या शेजारी खोली बघतो. इंदूनं ती खोली पाहिली होती. पंचगंगेच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरची भिंत. फरशीचा गार गुळगुळीत तुकडा, ज्याला हात लावावा असं काही नाही. तिथे आपण चार महिन्यांत मरू, असं ती उल्हासला एकदा म्हणाली होती आणि तिनं ते खरंच म्हटलं होतं.

"इंदू, वर?" उल्हासनं पुन्हा विचारलं.

पाच दिवस, ती मनाशी म्हणाली. पाच दिवसांचा प्रश्न आहे. गणपती बसले की सांगते.

"ठीक," ती ओरडली.

मग तिनं शेणाच्या बादलीत मूठभर चिकण माती कालवली आणि ती भेग भरली. लोटन निघून गेला होता. तिनं ती भरली, वरून आडवा हात फिरवला, उभा हात फिरवला, बोटांची कमान उठवली. उन्हं वर येईपर्यंत तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

लेखपाल दुसऱ्या दिवशी आला. मोटारसायकल दारात लावून, पायातले बूट न काढता अंगणाच्या कडेनं काठापर्यंत गेला, मोबाइलवर तीन-चार फोटो काढले. तरुण माणूस, तीन दिवसांची दाढी, डोळे झोपेला आलेले.

"माताजी, कहीं दरार-वरार तो नहीं आई?"

"नहीं," इंदू म्हणाली.

"दीवार में? आँगन में?"

"रोज अपने हाथ से लीपती हूँ, भैया. होती तो दिखती."

लेखपालानं अंगणाकडे पाहिलं. इतकं स्वच्छ, इतकं एकसारखं सारवलेलं अंगण त्यानं सबंध आठवड्यात पाहिलं नसेल. तो जरा ओशाळला, बूट घालून आल्याबद्दल असावं. वहीत काहीतरी लिहिलं आणि निघाला. जाताना म्हणाला, "फिर भी, ध्यान रखिएगा."

त्याच्या मागोमाग आलेला लोटन मात्र गेला नाही. तो काठावर उकिडवा बसून खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पानी चढ़ले में करार ना गिरेला, भउजी. उतरले में गिरेला. जब तक नदी रहेले, टेक लगवले रहेले. अब टेक हट गइल."

चढत्या पाण्याचा काठाला टेका असतो, उतरतं पाणी तो काढून घेतं, हे इंदूला माहीत होतं. 

"अउर भइया बहुत भीतर काटत हउवन," लोटन म्हणाला. "हम उधर घाट से देखली. दू हाथ भीतर. पूरा आदमी घुस जाई."

हे मात्र तिला माहीत नव्हतं. निळ्या थरात हातभराच्या आत शिरायचं नाही हाही ह्या घरातलाच नेम. पण यंदा थराचा खालचा भाग अजून पाण्यात, उघडी पट्टी जेमतेम हातभर. तेवढ्या मातीत बत्तीस गणपती होणार कसे? उल्हास आडवा पसरण्याऐवजी आत शिरला होता. वरची वाळू, पिवळी माती, अंगण, तुळस, सगळ्यांच्या पायाखालून काढत होता. आणि रोज ती विचारत होती, खाली? आणि रोज तो म्हणत होता, ठीक.

दुपारी जेवताना ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या नखांत, कोपरांच्या वळ्यांत, कानामागे निळसर माती वाळून पांढरी झाली होती. तो वरणभात भुरकत होता.

"आत किती गेलात?" तिनं विचारलं.

"कुठे आत?"

"लोणीत."

उल्हासनं ताटातली मिरची बाजूला केली. "थोडा गेलोय. का?"

"काही नाही."

"वाळूतून पाणी झिरपतंय जरा," तो म्हणाला, सहज सांगितल्यासारखं. "सकाळी अंगावर थेंब थेंब पडत होतं. पण तू वर आहेस ना. वरचं ठीक आहे तोवर मला फिकीर नाही. बाबा म्हणायचे, माती आधी वर सांगते."

इंदूनं हातातला घास परत ताटात ठेवला. आत्ता सांगावं. सांगितलं की हा हात धुऊन उठेल, भेग उकरून बघेल, आणि उद्यापासून खाली उतरणार नाही. सोळा मूर्ती झाल्या होत्या, सोळा राहिल्या होत्या. सोळा घरांत रिकामा पाट. सुशांतला फोन जाईल. लेखपाल परत येईल आणि तिला विचारेल, माताजी, आपने तो कहा था. तिला त्या तरुण माणसाची लाज वाटली, नवऱ्याच्या जिवापेक्षा त्या परक्या माणसापुढे खोटं पडण्याची लाज त्या घटकेला मोठी झाली. हे तिला नंतर जन्मभर समजलं नाही, पण झालं खरं तसंच.

"अजून भात वाढू?" ती म्हणाली.

भेग रोज उघडत होती. सकाळी सारवायला बसली की ती तिथेच असायची, कालच्यापेक्षा जराशी रुंद, आणि कालचं सारवण तिच्या दोन्ही कडांना तुटून उभं. इंदू भरायची. चौथ्या दिवशी करंगळी गेली. पाचव्या दिवशी तिनं शेणाचा काला ओतला तर तो वर राहिलाच नाही. भेगेनं तो गिळला. तिनं अर्धी बादली ओतली, तीही गेली. कान लावून ऐकलं तर खोल कुठेतरी टपटप आवाज येत होता. मग तिनं गवताच्या पेंढ्या कोंबल्या, वर फुटक्या कौलांचे तुकडे बसवले, त्यावर चिकण मातीचा गिलावा आणि त्यावर सारवण. सबंध सकाळ गेली. अंगण पुन्हा आरशासारखं झालं. वृंदावनाचा कठडा मात्र नदीकडे किंचित झुकल्यासारखा तिला वाटला. तिनं त्याच्याकडे बघणंच सोडलं.

"वर?"

"ठीक. खाली?"

"ठीक."

हरतालिकेच्या दिवशी दुपारपर्यंत बत्तीस पुरे झाले, आणि घरचा तेहतिसावा. ओसरीवर ओळीनं मांडलेले, वीत-वीतभराचे, राखाडी, डोळ्यांना तेवढा काजळाचा ठिपका. उपासानं इंदूचं डोकं जड झालं होतं, पण मनावरचं ओझं उतरत चाललं होतं. झालं. आता खाली जायचं काम नाही. उद्या दुपारी पूजा झाली की आधी उल्हासला हाताला धरून भेगेपाशी न्यायचं, सगळं सांगायचं, तो काय बोलायचं ते बोलू दे.

सुशांत टेंपो घेऊन आला तेव्हा तीन वाजले होते. शहरातला इस्त्रीचा शर्ट, पायजम्याच्या टोकांना आधीच चिखल.

"दादा, कमाल केलीस यार," तो म्हणाला. "मला वाटलं होतं यंदा सगळ्यांना बाजारातला आणावा लागणार. वहिनी, तुम्ही पण ना, किती बारीक झालात. बस, आता दिवाळीनंतर तरी तिकडे चला. जिद्द सोडा."

"आधी मूर्ती उचला, भाऊजी," इंदू म्हणाली.

टोपल्यांत पेंढा घालून एकेक मूर्ती टेंपोत जात होती. एकतीस गेल्या. बत्तिसावी मृणालिनीताईंची. पंचगंगेच्या वरच्या गल्लीतल्या ह्या निवृत्त शिक्षिका, शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या. दरवर्षी स्वतः निरोप पाठवायच्या, माझा डाव्या सोंडेचा. ती टोपली घेऊन सुशांत ओसरीची पायरी उतरला, चिखलाचा पाय घसरला. टोपली त्यानं सोडली नाही, पण आतली मूर्ती पायरीच्या कडेवर आपटली. सोंड आणि एक हात वेगळा झाला.

 सुशांतचा चेहरा पांढरा पडला होता.

"जोडता येईल ना? वहिनी? तुम्ही भरता ना भेगा?"

"भंगलेली पुन्हा जोडत नाहीत," उल्हास म्हणाला. "तिची मातीही परत वापरायची नसते, गंगेत सोडायची." तो उठला. "हरकत नाही. आणलेली माती संपली, एक गोळा आणतो. तासाभरात करून देतो. ओलाच न्या. मृणालिनीताईंना ओला चालेल, त्यांना माहितीये."

"नको," इंदू म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की दोघांनी वळून पाहिलं. "आपला द्या. घरचा द्या त्यांना."

"आणि आपल्याकडे काय, रिकामा पाट?" उल्हास हसला. "एका गोळ्याचा प्रश्न. गेलो नि आलो."

"मी जातो, दादा. माझ्या हातनं फुटला."

"तुला काय कळतंय त्यातलं! वाळू भरून आणशील. तू बस, चहा घे."

फावडं खांद्यावर टाकून तो पायवाटेनं उतरलासुद्धा. इंदू अंगणात उभी राहिली. दिराकडे तिची पाठ होती. तिच्या पायांपुढे ते सारवलेलं अंगण, सकाळचं, अजून थोडं ओलसर, आणि त्याच्या बरोबर मधून, कौलांच्या आणि पेंढ्यांच्या वर घातलेल्या गिलाव्यातून, रेघ पुन्हा वर आली होती. ह्या वेळी सरळ नव्हती. वृंदावनाच्या बाजूचं अंगण नखभर खाली बसलं होतं.

"वर?" खालून आवाज आला. रोजच्यासारखा, खुशीतला.

सुशांत तिच्या मागेच होता. सांगायचं तर त्याच्यासमोर सांगावं लागणार होतं. तिची जीभ टाळूला चिकटली आणि मग सवयीनं, निव्वळ सत्तावीस वर्षांच्या सवयीनं, सुटली.

"ठीक," ती म्हणाली.

फावड्याचा आवाज आला. एक. दोन. वृंदावनातली तुळस हलली. वारा नव्हता.

"अहो!" इंदू किंचाळली. "अहो, ठीक नाही! वर या! भेग आहे, वर या!"

फावडं थांबलं. "काय?" उल्हास म्हणाला. तेवढंच.

आवाज फार मोठा झाला नाही. धान्याचं पोतं कोणी अंगणात टाकावं तसा झाला, फक्त लांबत गेला. वृंदावन उभंच्या उभं, तुळशीसकट, सावकाश खाली गेलं. अर्धं अंगण त्याच्याबरोबर गेलं. इंदूच्या पायांपासून चार बोटांवर जमीन संपली आणि पुढे नुसती नदी दिसायला लागली.

सुशांत "दादा, दादा" करत पायवाटेनं धावला. लोटन धावला, शेजारचे चार-पाच गडी फावडी घेऊन धावले. खाली सगळ्या थरांचा काला झाला होता, काळी दोमट, पिवळी, वाळू, मधेच वृंदावनाच्या विटा. ते खणत होते. सुशांतला फावडं धरता येईना, तो हातांनीच उपसत होता, नखं तुटली तरी उपसत होता आणि रडत होता. "माझ्या हातनं फुटला. माझ्यामुळे तो खाली गेला. देवा, माझ्यामुळे." लोटन त्याला म्हणत होता, "ना बाबू, गंगा मइया के मर्जी." पण त्याला ऐकू जात नव्हतं.

इंदू वरच होती. कोणीतरी तिला धरायला आलं, तिनं हात झटकला. पालथं झोपून तिनं मान काठाबाहेर काढली. करार नवा तुटला होता, भेगेच्याच रेघेवर. सगळे थर पुन्हा ओळीनं उघडे पडले होते, लख्ख. वर सारवणाचा पापुद्रा, खाली दोमट, पिवळी. आणि ह्या सगळ्यांवरून, वरून पार पुरुषभर खोलीपर्यंत, हिरवट शेणकाल्याचा एक ओघळ उतरला होता. त्यात पेंढ्या अडकल्या होत्या, कौलाचा एक तुकडाही. पाच सकाळींचं तिचं काम कोणालाही वाचता येईल असं त्या भिंतीवर लिहिलं गेलं होतं. अजून कोणी वर बघितलं नव्हतं.

अर्धा तास गेला. "गमछा! गमछा मिलल!" कोणीतरी ओरडलं. सगळे त्या जागी गोळा झाले, सात माणसं, करार डोक्यावर घेऊन. इंदू कशीबशी उठून बसली. आणि उठताना टेकलेल्या हाताला ते लागलं. केसाएवढं. ती बसली होती त्याच्या मागे, काठापासून तीन हात अलीकडे, घराच्या भिंतीला लागून. दुसरी रेघ.

लोटन ह्या घरात उठबस करणारा, त्याला नेम माहीत होता. फावडं उचलता उचलता तो थांबला आणि त्यानं वर तोंड केलं.

"भउजी! ऊपर?"

खाली उल्हास होता. गमछा सापडला होता, म्हणजे हातभरावर होता. कदाचित एखाद्या विटेच्या आडोशाला वारा मिळत असेल त्याला, कदाचित अजून. तिनं ठीक म्हटलं असतं तर ती सात माणसं खणत राहिली असती. भेग म्हटलं की सोडून येणार होती.

"दरार बा," इंदू म्हणाली. आवाज फुटेना. तिनं पुन्हा, सगळा जीव गोळा करून हाक दिली. "दरार बा, लोटन! ऊपर आवा! सब लोग ऊपर आवा!"

माणसं भराभर पायवाटेकडे पळाली. सुशांत हलला नाही.

"मी नाही येणार!" तो ओरडला. "इथेच आहे तो, वहिनी! हा बघा गमछा! मी त्याला टाकून नाही येणार. माझ्या हातनं झालंय!"

"तुमच्या हातनं नाही!" इंदू म्हणाली. ती काठावर उभी होती, मागची भेग तिच्या मागे. "भाऊजी, वर बघा. भिंतीकडे बघा. ते हिरवं काय आहे? माझं सारवण आहे ते. पाच दिवस भेग होती, पाच दिवस मी बुजवत होते. हे विचारायचे, वर? मी ठीक म्हणायचे. खोटं बोलत होते मी. आज पण बोलले, तुमच्यासमोर बोलले. आत्ता खरं बोलतेय. वर या."

सुशांतनं मान वर केली. तो त्या ओघळाकडे बघत राहिला. त्यातल्या पेंढ्यांकडे, कौलाच्या तुकड्याकडे. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. हातातला गमछा त्यानं छातीशी धरला आणि लोटननं दंडाला धरून ओढलं तसा तो गेला, सारखं वळून वर बघत.

ते पायवाटेच्या अर्ध्यावर होते तेव्हा वाळूच्या थरातून पाण्याची मोठी धार फुटली. इंदू मागे सरली, भेगेच्या पलीकडे, ओसरीच्या पायरीपर्यंत. तिच्यासमोरून अंगणाचा उरलेला तुकडा गेला. हिरवा ओघळ गेला. खाली जिथे माणसं खणत होती तिथे घराएवढा मातीचा ढीग झाला आणि त्याच्या पायाशी गंगा लागलीच काम करायला लागली.

सुशांत वर आला. तो तिच्यापाशी आला नाही. टेंपोच्या चाकाला टेकून खाली बसला, गमछा मांडीवर घेऊन. टेंपोत एकतीस गणपती पेंढ्यात बसले होते. ओसरीवर घरचा एक होता आणि त्याच्या शेजारी, पायरीवर, सोंड तुटलेला.

गावातल्या बायका इंदूभोवती जमल्या. "गंगा मइया ले गइलिन," एकजण म्हणाली आणि तिला जवळ घ्यायला लागली.

"नाही," इंदू म्हणाली. तिनं त्या बाईचे हात अंगावरून काढले. "लेखपाल को बुलाओ. दरार थी, मुझे लिखवाना है."

लेखपालाला यायला संध्याकाळ होणार होती. ती पायरीवर बसली, तुटलेली मूर्ती तिनं मांडीवर घेतली, आणि भिंतीला धरून कुठे नवी रेघ उमटते का, ते डोळे न हलवता बघत राहिली.